जोडसायकलची मागची सीट

टोर्सडालमध्ये पहिल्यांदा विचारल्याबरोबर ‘हो’ म्हणणारा माणूस एकतर उपाशी असतो, नाहीतर बाहेरगावचा. गावची रीतच तशी. कॉफी घेणार? नको, नको. अहो, केलेलीच आहे. नको हो, उगाच तुम्हाला त्रास. अर्धा कप तरी? बरं, एवढं म्हणताच आहात तर अर्धा. मग तो अर्धा कप काठोकाठ भरायचा आणि सोबत केकचा तुकडा द्यायचा. पहिले दोन नकार म्हणजे नुसतं घसा खाकरणं. खरं उत्तर तिसऱ्या वेळचं. मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात नॉर्वेहून आलेल्यांच्या चार पिढ्या या रीतीवर जगल्या. लग्नं जमली, शेतं विकली गेली, कोणाचं काही अडलं नाही.

अडलं ते सेल्मर क्वॅनबेकचं, तेही ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, लख्ख उन्हात.

त्या दिवशी सकाळपासून सेल्मर घराच्या पायरीवर बसून होता. वय चौऱ्याहत्तर, अंगकाठी ताडमाड, आणि उजव्या पायाची पँट मोज्यात खोचलेली. पँट साखळीत अडकू नये म्हणून सायकलवाले तसं करतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सेल्मरची स्वतःची सायकल गॅरेजात खिळ्याला टांगलेली होती आणि वसंतापासून खाली उतरली नव्हती. तो वाट बघत होता ती दुसऱ्याच सायकलची. अर्डिस ब्रेक्के आपली लाल जोडसायकल घेऊन याच रस्त्याने ट्रेलवर, म्हणजे नदीकाठच्या सायकलवाटेवर, जायची, आणि तिची मागची सीट बहुतेक वेळा रिकामी असायची.

अर्डिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. शाळेत ती सेल्मरच्या एक वर्ग मागे होती. नवरा ऑर्व्हिल जाऊन काही वर्षं झाली होती. दोन सिटांची, दोन हँडलांची ही लांबलचक सायकल तिने उन्हाळ्यात कोणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून उचलून आणली, तेव्हा गावाला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. एकटी बाई आणि सायकल दोघांची! विचारलं तर म्हणायची, स्वस्त होती. एवढ्यावर कोणाचं समाधान झालं नाही, पण पुढे विचारणं रीतीत बसत नव्हतं.

सायकल फाटकाशी थांबली.

“काय रे सेल्मर, ऊन खातोयस?”

“हो, बसलोय आपला.”

“हवा काय मस्त पडलीय बघ. येतोस का मागे?”

सेल्मरला नेमकं हेच ऐकायचं होतं. तोंडाने मात्र रीत पाळली. “छे छे, मी कशाला? तुला उगाच ओझं.”

“ओझं कसलं? चढ तरी कुठे आहे त्या वाटेला? चल.”

“नको, नको. तू हो पुढे. मला पानं गोळा करायचीत.”

असं म्हणून सेल्मरने गुडघ्यांवर हात टेकले, उठायच्या बेताने. आता ती म्हणणार, पानं काय पळून जातायत? मग तो म्हणणार, बरं, तू एवढं म्हणतेसच तर. त्याचा उजवा पाय एक पायरी खाली उतरलासुद्धा.

“बरं,” अर्डिस म्हणाली. “मग निघते मी.”

आणि निघाली की! लाल सायकल कोपऱ्यावरून वळली, आणि सेल्मर एक पाय वर, एक पाय खाली असा तिथेच उभा राहिला.

मागे जाळीचं दार करकरलं. त्याची थोरली बहीण बोरघिल्ड बाहेर आली. ती बिनलग्नाची, याच घरात राहायची, आणि खिडकीतून रस्त्यावर पहारा ठेवणं हे तिचं आवडतं काम होतं.

“गेली?”

“गेली.”

“तू नाही म्हणालास ना पण?”

“म्हणालो की. दोनदा.”

“मग तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा विचारलंच नाही तिने.”

“उफ्‌ डा!” बोरघिल्डच्या तोंडून नॉर्वेजियन निघालं, आणि तिने हातातलं फडकं खांद्यावर आपटलं. “दोनदाच? काही जनाची-मनाची? अरे, आपल्या आईच्या मर्तिकाला बायका बटाटा-खिम्याचं हॉटडिश वाढत होत्या ना, तेव्हासुद्धा तीन-तीनदा विचारत होत्या! आणि तू तरी काय ठोंब्यासारखा उभा राहिलास? ओरडायचंस ना मागून.”

“काय ओरडू?”

‘मला हवंय’ असं रस्त्यात ओरडणारा माणूस तिनेही जन्मात पाहिला नव्हता. ती आत गेली आणि भांडी जरा जोरात आपटत घासायला लागली.

सेल्मरला त्या ट्रेलवर जायचं होतं. किती जायचं होतं हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण गेले कित्येक दिवस झोपेतसुद्धा त्याचे पाय हलत होते. त्याच्या लहानपणी घरामागून मालगाडी जायची, तेव्हा फडताळातल्या बशा थरथरायच्या. पुढे गाड्या बंद झाल्या, रूळ उचलले गेले, आणि सरकारने त्या जागी डांबर टाकून सायकलवाल्यांसाठी वाट केली. सेल्मर तेव्हा दुधाचा टँकर चालवायचा. चड्डीतल्या लोकांसाठी रस्ता, असं म्हणून त्यानेही सगळ्यांबरोबर नाकं मुरडली होती. निवृत्त झाल्यावर एकदा सहज गेला, मालगाडी शेवटी जायची तरी कुठे ते बघायला म्हणून. तो जो नादावला तो नादावलाच. वाट रूट नदीला बिलगून जाते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चुनखडीचे उंच कडे, मधे मधे लाकडी फळ्यांचे पूल. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून सगळी वाट कशी सपाट, म्हाताऱ्या गुडघ्यांसाठीच केलेली. बर्फ नसेल त्या प्रत्येक दिवशी सेल्मर तिथे असायचा.

मग डोळे बिघडले. तेही विचित्र तऱ्हेने. कडेचं सगळं स्वच्छ दिसायचं, पण बघायला जावं त्याच्या बरोबर मधोमध करडा धब्बा. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की तोंड गायब, कान आणि टोपी शिल्लक. डॉक्टर म्हणाली, कडेचं राहील, मधलं परत येणार नाही, आणि हा धब्बा किती पसरेल ते आत्ताच सांगता येत नाही. गाडी विकली. सायकल मात्र त्याने सोडली नाही, आणि वसंतात एके दिवशी तो सरळ वाट सोडून नदीकाठच्या लव्हाळ्यात उतरला. कमरेपर्यंत चिखल घेऊन घरी आला आणि म्हणाला, मधे हंस आला. गावाने ती हंसाची गोष्ट निमूट ऐकून घेतली. यंदा हंस फारच माजलेत, असंही दोघा-तिघांनी आपणहून सांगितलं. सेल्मरला दिसत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या तोंडावर बोलायचं नाही हेही.

आता मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल झाली होती. बुधवारी वादळ येणार असं रेडिओ सांगत होता. वादळ आलं की एका रात्रीत सगळी पानं जमिनीवर येणार. पुढच्या ऑक्टोबरात आपल्या डोळ्यांत काय उरलेलं असेल, याचा विचार सेल्मर शक्यतो करत नसे. एवढ्या एका वर्षी, एकदाच, त्याला तो रंग सायकलवरून बघायचा होता.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे तळघरात कॉफीला जमले. बोरघिल्डने भावाला मुद्दाम अशा टेबलाशी बसवलं की किटली घेऊन फिरणाऱ्या बाईला त्याच्यापुढे थांबावंच लागेल. त्या दिवशी किटली अर्डिसकडे होती, हा योगायोग नव्हता, त्यातही बोरघिल्डचा हात होता.

अर्डिसने त्याचा कप भरला. “मंगळवारी जाणार आहे मी ट्रेलवर. बुधवारनंतर काही राहणार नाही. येतोस?”

आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं हळूहळू थांबलं.

“छे गं, माझ्यासाठी तू कशाला थांबून राहतेस?”

“थांबत कोण बसलंय? मागची सीट रिकामीच जातेय.”

“जाऊ दे की. हलकी चालेल सायकल.”

झालं, दोन नकार झाले. अर्डिस किटली धरून तशीच उभी राहिली. बऱ्यापैकी वेळ उभी राहिली. पाद्रीबुवांनी तोंडाकडे नेलेला केकचा तुकडा अधांतरी थांबला. बोरघिल्डने टेबलाखालून भावाच्या नडगीवर लाथ घातली. सेल्मरने तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं एक, बाहेर पडलं भलतंच.

“कॉफी छान झालीय,” तो म्हणाला.

“हो का,” अर्डिस म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, आणि दोनवर थांबते! कोणी म्हणालं, लग्नाआधी ती मिनियापोलिसला राहिलेली ना, तिथलं पाणी लागलं. कोणी म्हणालं, तिला आताशा ऐकू कमी येतं. सेल्मरचं काही चुकलं असं मात्र एकालाही वाटलं नाही, आणि सोमवारी दिवसभर तो अंगणातली पानं रागारागाने ओढत होता तेव्हा त्यालाही वाटलं नव्हतं. बाईला आपण यायला नको असेल, दुसरं काय? आंधळ्याला मागे बसवून मिरवायला कोणाला आवडेल? असलं काहीबाही तो स्वतःशी पुटपुटत राहिला, आणि बोरघिल्डने जेवायला हाक मारली तेव्हा चक्क पहिल्या हाकेलाच आत गेला, इतका तो खचला होता.

मंगळवारी तो पायरीवर बसलाच नाही. स्वयंपाकघरात, रस्त्याकडे पाठ करून बसला. पँट मोज्यात खोचली होती, पण ती सवयीने, असं त्याने बोरघिल्डला सांगितलं.

बोरघिल्ड खिडकीला नाक लावून उभी होती. “आली रे.”

“येऊ दे.”

“सेल्मर, थांबत नाहीये ती. अरे, वेग पण कमी केला नाही मेलीने!”

सायकलची घंटी ऐकू आली. आधी जवळ आली, मग समोर, आणि मग पुढे जायला लागली. डोळे गेले तर जाऊ देत, गाडी गेली, टँकर गेला, तेही ठीक. पण ही घंटी अशी दारावरून निघून जातेय आणि आपण खुर्चीत बसून आहोत, हे त्याला सहन होईना. तो उठला. खुर्ची मागे आडवी झाली. घरातल्या सपाता पायात होत्या, त्या तशाच घेऊन तो दार ढकलून पायऱ्यांवरून खाली आला, आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून, ज्या दिशेला घंटी गेली त्या दिशेला तोंड करून बोंबलला:

“अर्डिस! मला यायचंय!”

समोरच्या अंगणात पानं ओढणारा शेजारी दाताळं हातात धरून तसाच थांबला.

“मला यायचंय!” सेल्मर पुन्हा ओरडला. एकदा तोंड उघडलं ते आता बंद होईना. “मला दिसत नाही! हंसबिंस काही आला नव्हता, मीच गेलो लव्हाळ्यात! मला एकट्याला जमत नाही आणि मला पानं बघायचीयत! शनिवारीही यायचं होतं! रविवारीही यायचं होतं!”

दूरवर ब्रेक करकचून दाबल्याचा आवाज आला. मग सायकल सावकाश वळून परत आली. सेल्मरचे कान तापून लाल झाले होते आणि एक सपात पायरीवरच राहिली होती.

“मग बूट घालून ये की,” अर्डिस म्हणाली.

बोरघिल्ड बूट घेऊन दारात उभीच होती. तिने ते भावाच्या अंगावर जवळजवळ फेकलेच. दुसरं हेल्मेट अर्डिसच्या हँडलला लटकत होतं. ते सेल्मरच्या डोक्याला बरोबर बसलं.

निघणं काही सोपं नव्हतं. पहिल्यांदा दोघांचे पाय उलटसुलट पडले आणि सायकल झुलत झुलत शेजाऱ्याच्या पानांच्या ढिगाऱ्यात शिरली. दुसऱ्यांदा सेल्मरने वळायला म्हणून हँडल ओढलं, ते हलेचना. मागचं हँडल पक्कं बसवलेलं असतं, नुसतं धरायला. जन्मभर टँकर चालवलेल्या माणसाला हे काही झेपेना.

“हे वळत नाही!”

“वळायचं काम माझं.”

“ब्रेक कुठाय?”

“माझ्याकडे.”

“घंटी?”

“तीही माझ्याकडे.”

“मग माझ्याकडे काय आहे?”

“पाय,” अर्डिस म्हणाली. “आणि तोंड बंद ठेवलंस तर श्वासही पुरेल. मार पेडल.”

तिसऱ्या खेपेला जमलं. गाव संपलं, धान्याची कोठारं मागे पडली, आणि चाकांखाली तो जुना ओळखीचा गुळगुळीतपणा आला. सेल्मरच्या मांड्यांना सगळं आठवत होतं. अर्डिसला मागून अचानक ढकलल्यासारखं झालं.

“अरे हळू! मी ऑर्गनवाली आहे, टँकर नाही!”

पहिला लाकडी पूल आला. फळ्या चाकांखाली गडगडल्या, आणि सेल्मर मोठ्याने हसला. का हसला ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पुलापलीकडे वाऱ्याला पिकल्या मक्याचा वास होता.

“एक विचारू?” सेल्मर म्हणाला.

“आज तुला कोणी अडवू शकेल असं वाटत नाही.”

“तिसऱ्यांदा का नाही विचारलंस? विचारलं असतंस तर आलो असतो.”

“ठाऊक आहे मला.”

“ठाऊक होतं? आणि तरी?”

अर्डिस बोलली तेव्हा मागे वळली नाही, पण आवाज नीट ऐकू येत होता. “ऑर्व्हिलला काय हवंय ते मी जन्मभर ओळखत बसले रे. मासा खारट झालाय का? चालेल. समुद्र बघायला जाऊ या? तुला वाटलं तर. शेवटी दवाखान्यात विचारलं, खिडकी उघडू का, तर म्हणाला, तुला गार लागत असेल तर नको. त्याला वारा हवा होता की नव्हता, हे मला अजून माहीत नाही. चांगला माणूस होता. पण रात्री झोप नाही लागत मला त्या खिडकीपायी. तेव्हाच ठरवलं, आता बस्स. ज्याला हवं असेल त्याने म्हणावं.”

त्याला ऑर्व्हिल आठवला. शाळेच्या बँडमध्ये तो ढोल वाजवायचा, आणि मास्तरांनी सांगितल्याशिवाय कधी जोरात वाजवायचा नाही.

“आणि मी आज नसतो ओरडलो तर?” त्याने विचारलं.

“तर पहिल्या पुलापर्यंत जाऊन परत आले असते, आणि तुझ्या दारासमोर परत घंटी वाजवली असती. संध्याकाळपर्यंत वाजवली असती. माझी पण एक हद्द आहे, पण ती बरीच लांब आहे.”

सेल्मरने पेडल जोरात मारलं.

वाट कड्याला वळसा घालून मोकळ्यावर आली आणि ऊन एकदम दोन्ही बाजूंनी अंगावर आलं. डावीकडे नदी. वाळूच्या दांडीवर उभा करकोचा, ओंडक्यावर ओळीने बसलेली कासवं. उजवीकडे कडा, आणि कड्याच्या भेगाभेगांतून उगवलेले मेपल, लाल, नारिंगी, मधेच एखादा पिवळाधमक. पानं त्याच्या कानांवरून उडत मागे जात होती. सेल्मर एकदा डावीकडचं बघत होता, एकदा उजवीकडचं. आणि एकाएकी त्याच्या लक्षात आलं की गेला बराच वेळ त्याला तो करडा धब्बा आठवलासुद्धा नाही.

त्याने मुद्दाम समोर पाहिलं. धब्बा होता की, जिथल्या तिथे. बरोबर अर्डिसच्या पाठीवर, जिथे तिचं जाकीट आणि हेल्मेट असणार तिथे. पण मागच्या सीटवर बसल्यावर समोर दुसरं असणार तरी काय? चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही तिथे पाठच दिसली असती. बाकी जे काही बघण्यासारखं होतं ते सगळं कडेला होतं, आणि कडेचं त्याला लख्ख दिसत होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि तरी दिसत राहिलं. मग तो हसायलाच लागला, असा की सायकल डगमगायला लागली.

“काय झालं रे? पाडतोस का आता?”

“अर्डिस, मला तुझी पाठ दिसत नाहीये!”

“मग?”

“तेवढीच दिसत नाहीये!”

तिला कळायला थोडा वेळ लागला. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग पेडल मारायची थांबली. सायकल आपल्या जोराने पुढे जात राहिली. खालून नदीचं पाणी वाजत होतं.

“काही चुकलं का माझ्याकडून?” सेल्मर म्हणाला.

“नाही रे बाबा,” अर्डिस म्हणाली, आणि तिने बाहीने नाक पुसलं. “घाम आलाय.”

पुढे दुसरा पूल दिसायला लागला. खरं म्हणजे अर्डिसला दिसायला लागला, आणि तिने तो मागे सांगितला. बहुतेक लोक तिथूनच माघारी फिरायचे. तिने ब्रेकवर बोटं ठेवली.

“अजून पुढे जाऊ या,” सेल्मर मागून म्हणाला. “मला जायचंय. आणि परत येताना मला पाई खायचीय, आंबटगोड रूबार्बची, मोठा तुकडा. आणि उद्या वादळ नाही आलं तर उद्यापण यायचंय मला.”

“देवा रे,” अर्डिस म्हणाली. “याला आता आवरायचं कोणी?”

तिने ब्रेकवरची बोटं काढली, आणि दोघं फळ्या गडगडवत पूल ओलांडून पुढे गेले.